विट्याला शोभेल अशी फुलबाग

मे महिन्याच्या दुपारी विट्याच्या रस्त्यांवर शुकशुकाट असतो. यंत्रमागांचा खडखडाट तेवढा कानावर येतो. त्याच उन्हात एखाद्या बंगल्याच्या कुंपणावर बोगनवेल मात्र भरात आलेली असते. पान दिसू नये इतका रंग!

ही वेल मूळची ब्राझीलची. तिचा रंगीत भाग म्हणजे फूल नव्हेच. कागदासारखी तीन रंगीत पाने आणि त्यांच्या मधोमध पांढरट, काडीएवढी बारीक नळी, ते तिचे खरे फूल. पाणी भरपूर मिळाले की वेल नुसती पाल्यावर जाते आणि पाणी तोडले की फुलते. डाळिंबाला ताण देऊन बहार धरणाऱ्या खानापूर-आटपाडीच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

विट्याच्या अंगणातली आणखी दोन ओळखीची झाडे तर थेट बेटावरून आलेली आहेत. गुलमोहर आणि सदाफुली, दोन्ही मादागास्करची. सदाफुली भिंतीच्या फटीतही रुजते आणि बारा महिने फुलते. म्हणून तिची किंमत कमी समजू नये. जमैकाहून आलेल्या तिच्या पानांवर कॅनडात मधुमेहाच्या औषधासाठी प्रयोग सुरू झाले. पानांच्या अर्काने उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या आणि १९५८ मध्ये त्यातून विनब्लास्टिन हे कर्करोगावरचे औषध हाती आले. तिच्यातलेच विनक्रिस्टिन आजही लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात वापरले जाते. अर्थात म्हणून कोणी घरी तिची पाने चावू नयेत. ती विषारी आहेत.

शेजारच्या साताऱ्याने गुलमोहराला मानाचे पान दिले आहे. तिथे १ मे हा गुलमोहर दिवस म्हणून साजरा होतो आणि झाडाखाली कवी-चित्रकार जमतात. विट्यानेही फुलांवर असे प्रेम करावे. मात्र गुलमोहराची मुळे उथळ आणि लाकूड ठिसूळ. वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात. तो मोकळ्या मैदानात लावावा, घरालगत किंवा विजेच्या तारांखाली नको. रस्त्याकडेला आपला बहावा उत्तम.

हा विषय आत्ताच काढायचे कारण आहे. पर्जन्यछायेतल्या खानापूर तालुक्याने पिढ्यान्‌पिढ्या पाण्याची वाट पाहिली. दुष्काळाने इथली माणसे सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगली. आता टेंभू योजनेमुळे कृष्णेचे पाणी इथवर आले आहे आणि पाण्याबरोबर हिरवळीची हौसही वाढते आहे. पण उन्हाळ्यात सतत पाणी मागणारी हिरवळ इथल्या मातीचा स्वभाव नाही. कालव्याचे पाणी शेतीसाठी आहे. अंगणाला बोगनवेल, पांढरा चाफा, जास्वंद आणि सदाफुली पुरेशी शोभा देतात. जास्वंदीला पाणी थोडे जास्त लागते, तेवढे धुण्याभांड्यांच्या शेवटच्या स्वच्छ पाण्यातून निघते. कण्हेरही काटक आहे, पण तिचे सगळे अंग विषारी. लहान मुले आणि शेरडे फिरतात तिथे ती लावू नये.

चाफ्याला तर रोपही विकत घ्यायला नको. हातभर फांदी कापावी, चीक गळू द्यावा आणि आठवडाभर सावलीत सुकवून मग मातीत खोचावी. पाणी बेतानेच द्यावे. जास्त झाले तर ती कुजते. हिवाळ्यात पाने गाळून हे झाड जाड फांद्यांत साठवलेल्या ओलाव्यावर तग धरते.

२०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आत लोकसंख्या असलेल्या शहरांमध्ये विटा देशात पहिले आले. शहर स्वच्छ करून दाखवणाऱ्या नागरिकांना ते फुलवणे अवघड नाही. नगरपरिषदेने दुभाजकांवर आणि बागांमध्ये कमी पाण्याचीच फुलझाडे लावावीत. शाळांनी मुलांना छाट कलमे करायला शिकवावीत. आणि घरात चाफा असलेल्या प्रत्येकाने यंदाच्या पावसाळ्यात शेजाऱ्याला एक फांदी जरूर द्यावी.