बंदी जातीवर की बेपर्वाईवर?

केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलर, मॅस्टिफ अशा २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री रोखण्यास सांगितले. आधीच घरोघरी असलेल्या कुत्र्यांची नसबंदी करावी, असेही त्यात होते. महिनाभरात, १० एप्रिलला, कर्नाटक उच्च न्यायालयाने हे पत्रक रद्द ठरविले. संबंधितांशी सल्लामसलत झाली नव्हती, हा त्यातील प्रमुख दोष. बंदीचा वाद असा कोर्टात गेला. पाळणाऱ्याच्या जबाबदारीचा प्रश्न मात्र मागेच राहिला.

वर्धा जिल्ह्यातील गिरडचेच उदाहरण घेऊ. टेकडीवरील बाबा फरीद यांच्या दर्ग्यामुळे येथे परगावच्या भाविकांची वर्दळ असते आणि मे महिन्यात या पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. रॉटवायलर ही मूळ जर्मनीतील जात. पूर्ण वाढलेला नर ५० किलोच्या घरात जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो प्रामुख्याने धापा टाकून शरीर थंड ठेवतो. भर दुपारी पत्र्याखाली साखळीने बांधलेला असा प्राणी उष्माघाताने दगावू शकतो. सावली, भरपूर पाणी आणि पहाटे वा सूर्यास्तानंतरचा फेरफटका ही त्याची किमान गरज आहे.

दुसरी गरज शिकवणीची. पिल्लू पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत अनोळखी माणसे, मुले आणि गोंगाट यांना सरावले नाही, तर पुढे ते भीतीपोटी अंगावर धावून जाते. राखणीसाठी म्हणून त्याला दिवसरात्र डांबून ठेवणारा मालक स्वतःच धोका वाढवीत असतो. वर्दळीच्या जागी मजबूत पट्टा व तोंडाला मुसके, दरवर्षी रेबीजची लस, हे तर ओघानेच आले.

कायदा नाही, असेही नाही. २०१७ च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनुसार पैदासकाराची नोंदणी सक्तीची असून आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. पाळीव प्राण्यापासून इतरांना इजा होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

यादीतून एखादी जात वगळली वा घातली, तरी उघडे फाटक उघडेच राहते. ते बंद करण्याची जबाबदारी मालकाची आहे आणि ती पार पडते की नाही, हे पाहण्याची स्थानिक प्रशासनाची.