मृतसाठ्यातील मासा

धरण आणि मराठी साहित्य हा विषय वर्गात निघाला की चर्चा ठरावीक वाटेने जाते. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (१९९१) समोर ठेवली जाते, बुडालेले गाव, मोडलेले घर आणि न मिळालेली जमीन यांवर उत्तरे लिहिली जातात. यात गैर काही नाही. विस्थापितांचे दुःख साहित्याने मांडायलाच हवे होते. परंतु पाणी अडल्यानंतर त्या पाण्यावर जे नवे जगणे उभे राहिले, त्याकडे आपले लक्ष गेले आहे काय, हा प्रश्न आम्हांस गेल्या उन्हाळ्यात पडला. निमित्त झाले उजनीच्या काठावरील एका पहाटेचे.

भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयास यशवंतसागर म्हणतात. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातील सुमारे ५३ टीएमसी ‘उपयुक्त’ आणि उरलेला ६३ टीएमसीच्या वर ‘मृत’. म्हणजे अर्ध्याहून अधिक पाणी सरकारदरबारी मृत आहे. उपयुक्त साठा संपला की टक्केवारी शून्यावर येते, आणि तरीही पाणी सोडणे चालू राहिले की ती ‘उणे’ होते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेले होते. उणे पाणी! भाषा शिकवणाऱ्या माणसाने या शब्दाशी थबकावयास हवे. असलेल्या पाण्याला उणे कोण म्हणेल? ज्याची नजर कालव्याच्या तोंडाशी खिळली आहे, तोच.

काठावरचा माणूस तसे म्हणत नाही. जाळे सोडवीत बसलेल्या एका वयस्क मच्छीमारास आम्ही विचारले, “मामा, पाणी उणे झाल्यावर मासा कमी होत असेल ना?” ते हसले. “सर, पानी उणं झालं म्हनून मासा उणा न्हाई होत. त्यो दाटतो. आन दाटला की भितो.”

या दोन वाक्यांत उन्हाळ्यातील मासेमारीचे सारे शास्त्र आहे. पाणी उतरू लागले की उथळ काठ उघडे पडतात, गाळावर पेर होते आणि मासा जुन्या नदीपात्राच्या खोल भागाकडे सरकतो. धरणाने बुडवलेली भीमा अशा वेळी पाण्याखाली पुन्हा नदी होते. ती कोठून वाहत होती, डोह कोठे होता, हे ज्याच्या वडिलांनी पाहिले, त्यालाच जाळे कोठे टाकावे ते कळते. पाणी फारच उतरले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते व वृत्तपत्रांतून त्याची छायाचित्रे येतात. नदीपात्राची ही स्मृती मात्र कोणाच्या छायाचित्रात येत नाही.

वेळेचेही तसेच. तंगुसाची जाळी सायंकाळी पाण्यात उभी करायची आणि उजाडण्यापूर्वी काढायची. कोमट पाण्यात अडकलेला मासा लवकर खराब होतो. म्हणून होडी काठाला लागण्याआधी बर्फ हजर हवा. मे महिन्यात दुपार कलली की आभाळाकडे लक्ष ठेवावे लागते, कारण वळवाचे वारे सांगून येत नाही. २१ मे २०२४ रोजी कुगाव-कळाशी दरम्यान प्रवासी होडी अशाच वादळात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. उतरलेले पाणीही निरुपद्रवी नसते.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी नद्यांतून शेवटी येथेच येते. त्यावर पोसलेले शेवाळ दिवसा प्राणवायू देते आणि रात्री तोच ओढून घेते. साहजिकच उन्हाळ्यात पहाटेच्या सुमारास मासे वर येऊन तोंडे उघडझाप करताना दिसतात. पाहुण्यास ते विपुलतेचे लक्षण वाटते. काठावरच्याला ते गुदमरणे आहे हे ठाऊक असते. कटला, रोहू, मृगळ यांना प्रजननासाठी पावसाळ्याचे वाहते पाणी लागते. त्यामुळे जलाशयात त्यांची बोटुकली सोडावी लागते. चिलापीला हे काही लागत नाही. आफ्रिकेच्या नद्यांतील हा मासा भारतात १९५२ मध्ये आणला गेला. उथळ पाण्यात नर खळगा करतो, मादी अंडी तोंडात धरून वाढविते. आज उजनीच्या बाजारात चिलापीचेच राज्य आहे. धरणाने नदीतील माणसे हलविली तशी माशांची वस्तीही बदलली. विस्थापनाच्या साहित्यात ही नोंद आम्हांस आढळलेली नाही.

आता ‘वडाप’ हा शब्द घ्या. पश्चिम महाराष्ट्रात वडाप म्हणजे दिसेल तो प्रवासी कोंबून नेणारी जीप. उजनीवर वडाप म्हणजे बारीक आसाचे, ओढून आणायचे जाळे. समोर येईल ते सारे त्यात येते, बोटाएवढी पिल्लेसुद्धा. मोठ्या आसाचे उभे जाळे लहान माशाला वाट देते. वडाप देत नाही. पाणी दाटलेले असताना अशा एका ओढीत पुढील दोन वर्षांचा मासा काठावर येतो. समुद्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, हे शहरातील खवय्यांसही ठाऊक आहे. गोड्या पाण्यातील माशालाही अशी उसंत हवी, याची मात्र कोठे चर्चा नाही.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. मृतसाठा हा मृत नाही; उन्हाळ्यात माशाचे ते एकमेव घर असते. शेतीला आणि सोलापूरच्या पिण्याला पाणी लागते, हे नाकारण्याचा प्रश्नच नाही. तहान आधी, हे मान्य. पण पाणीवाटपाच्या बैठकीत ऊस असतो, शहर असते, उद्योग असतो. मासा आणि त्यावर जगणारे घर नसते. पातळी कोठवर उतरू द्यायची हे ठरविताना खोल पात्रातील माशाचा विचार व्हावा, वडापवरील बंदी कागदावरून पाण्यावर यावी, आणि बोटुकली सोडल्यानंतर तिला वाढण्याइतका काळ मिळावा, या मागण्या अवास्तव नाहीत.

यात मराठीच्या अध्यापकांचे काय काम, असे कोणी विचारील. काम आहे. ज्या गोष्टीला आपण ‘मृत’ म्हणतो, तिच्या मरणाची चौकशी कोणी करीत नाही. परिभाषा घडविणाऱ्यांनी पाण्याकडे कालव्यातून पाहिले, आणि आम्ही साहित्यवाल्यांनी बुडालेल्या देवळाच्या शिखरावरून. होडीतून पाहणाऱ्याचे शब्द दोघांच्याही कोशात नाहीत. आमच्या वर्गांत या काठांवरच्या घरांतून आलेली मुले बसतात. ती विस्थापनावर उत्तम टिपणे लिहितात, आणि वडिलांच्या जाळ्याची नावे मात्र विचारल्याशिवाय सांगत नाहीत, कारण ती अभ्यासक्रमात नाहीत याची त्यांना खात्री असते.

येत्या वर्षी बोलीच्या प्रकल्पासाठी आम्ही विद्यार्थ्यांना याच काठावर पाठविणार आहोत. जाळी, वारे, पाण्याच्या जागा आणि मासे यांचे शब्द त्यांनी मच्छीमारांकडून उतरवून आणावेत. इतर महाविद्यालयांच्या जवळही जलाशय आहेत. तेथील अध्यापकांनी हे काम उचलावे, अशी विनंती आहे. आमच्या मुलांच्या यादीतील पहिली नोंद मात्र आम्हीच सुचविणार आहोत: ‘दाटणे’.