गृहव्यवस्था : नकाशांतील कपाट आणि घरांतील वाट

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या मुंबईच्या उपनगरांत जुन्या सोसायट्यांच्या इमारती पाडून नव्या उभारण्याचें काम ठिकठिकाणीं चालू आहे. नव्या घराचा नकाशा हातीं पडला, कीं प्रत्येक कुटुंबापुढें एकच प्रश्न उभा राहतो : आपलें सामान यांत मावावें कसें ? संगणकावर खोलीची मांडणी करून पाहण्याचीं जीं साधनें आहेत, त्यांच्या एका गुणाचा परिचय वाचकांस करून द्यावा असें आज योजिलें आहे.

हा गुण म्हणजे 'स्नॅप'. पडद्यावरील भिंत, दार, पलंग या प्रत्येकास कोपरे व बाजूंचे मध्य असे ठराविक बिंदु असतात. एखादी वस्तु सरकवीत अशा बिंदूच्या निकट नेली, कीं लोहचुंबकाकडे खिळा जावा तशी ती तेथें नेमकी जाऊन बसते. कल्पना तशी जुनीच. अमेरिकेंतील एम. आय. टी. येथें आयव्हन सदरलंड यांनीं १९६३ सालीं मांडलेल्या 'स्केचपॅड'मध्यें प्रकाशलेखणी बिंदूच्या जवळ आली, कीं ती त्या बिंदूवरच आहे असें यंत्र मानीत असे. 'स्वीट होम थ्रीडी' या विनामूल्य साधनांत ही सोय 'मॅग्नेटिझम' या नांवानें आहे. भिंतीजवळ सोडलेलें कपाट भिंतीकडे पाठ करून उभें राहतें. ओढ नको असेल तेव्हां विंडोजच्या संगणकावर ऑल्टची कळ दाबून धरावी. ओढीचें अंतर बहुधा पडद्यावरील ठिपक्यांत मोजलें जातें, खोलीच्या फुटांत नव्हे. म्हणून वस्तु भलत्याच बिंदूला चिकटूं लागल्यास नकाशा मोठा करून पाहावा.

परंतु यंत्राचा नेमकेपणा आपण दिलेल्या मापांइतकाच. २०१६ च्या रेरा कायद्यानें ठरविलेल्या 'कार्पेट' क्षेत्रांत आंतील भिंतींची जागाहि धरलेली असते. तेव्हां माहितीपत्रकावरील आंकड्यावर विसंबूं नये. गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत स्वतः टेप लावावी, आणि बाहेर आलेले खांब व भिंतीच्या पायथ्याची स्कर्टिंगहि मोजावी.

आतां एक उदाहरण घेऊं. वृद्ध आजींची खोली १० फूट रुंद व १२ फूट लांब आहे. पलंग ५ फूट रुंद, साडेसहा फूट लांब. कपाट ४ फूट रुंद, २ फूट खोल. उशाकडील १० फुटी भिंतीच्या मध्यबिंदूवर पलंग ओढला जातो व चित्र मोठें सुबक दिसतें. दोहों बाजूंस अडीच-अडीच फूट उरतात. परंतु एका बाजूस, पलंगाला समांतर, कपाट उभें केलें, कीं तेथें अवघे सहा इंच राहतात. कपाट उघडणार कसें ? दुसऱ्या बाजूचे अडीच फूट वॉकरला कसेबसे पुरतील, चाकांच्या खुर्चीला वळावयास मुळींच पुरणार नाहींत.

तोच पलंग कोपऱ्याच्या बिंदूला लावावा व कपाट पायथ्याकडील भिंतीला, पलंगाच्याच रेषेंत उभें करावें. कपाटापुढें साडेतीन फूट राहतात. त्याचीं दोन-दोन फुटांचीं दारें सुखानें उघडतात. पलंगाच्या बाजूनें ५ फुटांचा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा राहतो. खुर्ची वळविण्यास सुमारें १५०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तेवढीच, जागा लागते. चादर घालतांना एका बाजूनें थोडें ओणवावें लागेल, हें खरें. परंतु रात्रीं उठून न्हाणीघरापर्यंत जाण्याची वाट आजींना मोकळी मिळते.

मध्यबिंदु कोठें आहे हें यंत्र जाणतें. घरांत कोणाचे गुडघे दुखतात हें त्यास ठाऊक नसतें. म्हणून नव्या घराचा ताबा मिळाल्यावर, सुतारास काम सांगण्यापूर्वीं, नकाशांतील पलंग व कपाट खडूनें जमिनीवर आंखावें आणि आजींना त्या वाटेनें एकवार चालवून पाहावें.