‘फरक आढळला नाही’ला मंजुरी देण्याआधी

प्रति,
वैद्यकीय महाविद्यालयांच्या एथिक्स कमिट्यांचे अध्यक्ष व सदस्य



रेसिडेंटांच्या थिसिसची आकडेमोड माझ्याकडे येते. कित्येक थिसिसच्या शेवटी एकच वाक्य असते : ‘दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.’ पुढच्या परिच्छेदात त्याचे ‘दोन्ही उपचार सारखेच’ झालेले असते. सिनॉप्सिसवर शिक्का तुमचा असतो, म्हणून हे पत्र तुम्हाला.

१९८८ साली प्रसिद्ध झालेली ‘आयसिस-२’ चाचणी घ्या. हार्ट अटॅकचा संशय असलेले १७,१८७ रुग्ण. हृदय वा रक्तवाहिन्यांच्या कारणाने पाच आठवड्यांत दगावले ते स्ट्रेप्टोकायनेज न मिळालेल्यांत १२ टक्के, मिळालेल्यांत ९.२. हजारामागे २८ जीव! हाच फरक दहा संशोधकांनी शंभर-शंभर रुग्णांच्या दोन गटांत शोधला असता, तर पाच टक्क्यांच्या नेहमीच्या कसोटीवर तो जेमतेम एकाच्या हाती लागला असता. बाकीच्या नऊ जणांनी ‘फरक नाही’ लिहिले असते, आणि त्यांच्या गणितात एकही चूक निघाली नसती. ऐंशी टक्के पॉवर (म्हणजे खरा फरक सापडण्याची शक्यता) हवी तर प्रत्येक गटात सुमारे १,९०० रुग्ण लागतात.

याच औषधाच्या १९७३ पर्यंतच्या आठ चाचण्यांतले २,४३२ रुग्ण एकत्र मोजले तर फायदा तेव्हाच दिसत होता, हे १९९२ साली दाखवले गेले. सुट्या सुट्या चाचण्या वाचणाऱ्यांना तो सहज दिसत नव्हता.

सिनॉप्सिसमध्ये सॅम्पल साइझचे सूत्र असतेच, म्हणाल. ते कसे भरतात हेही तुम्हाला ठाऊक आहे. दीड वर्षात ओपीडीतून साठ रुग्ण मिळतील हे आधी ठरते; मग उत्तर साठ येईपर्यंत अपेक्षित फरक फुगवला जातो. (निकाल लागल्यावर पॉवर काढून जोडणे म्हणजे तर पी व्हॅल्यूच दुसऱ्या कपड्यांत.)

तेव्हा मंजुरीआधी विचारा : रुग्णाच्या दृष्टीने कामाचा सर्वांत लहान फरक कोणता, तो आकडा कुठून आणला, आणि एवढ्या रुग्णांत तो सापडण्याची शक्यता किती? ती तोकडी असेल तर तीन-चार कॉलेजांनी एकाच प्रोटोकॉलवर रुग्ण एकत्र करावेत, नाहीतर विषय बदलावा. कॉन्फिडन्स इंटर्व्हल न देता लिहिलेला ‘फरक नाही’ सरळ परत पाठवा.

संमतिपत्रात ‘या अभ्यासाचा पुढील रुग्णांना उपयोग होईल’ अशा अर्थाची ओळ असते. पॉवर वीस टक्के असेल, तर त्या ओळीखाली कुणाचा अंगठा घेऊ देऊ नका.

आपला,
थिसिसची आकडेमोड करणारा एक संख्याशास्त्रज्ञ