विश्लेषण : पोकरवर घर चालवायचे, तर गाठीशी किती पैसे हवेत?

ऑनलाइन पैशांच्या खेळांवरील बंदीनंतर घरबसल्या पोकर खेळून कमावण्याचा मार्ग बंद झाला. अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरमध्ये राहून पोकरलाच पूर्णवेळ व्यवसाय करू पाहणाऱ्याला आता परवानाधारक टेबलासाठी गोवा गाठावे लागते. या बदलामुळे लागणारे भांडवल, नफा दिसण्याचा कालावधी आणि कर ही तिन्ही गणिते बदलली आहेत. ती कशी?

बंदीने नेमके काय बदलले?

ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन विधेयक लोकसभेत २० ऑगस्ट २०२५ रोजी आणि राज्यसभेत दुसऱ्या दिवशी मंजूर झाले. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्यावर स्वाक्षरी केली. खेळ कौशल्याचा आहे की नशिबाचा, हा भेद या कायद्याने ऑनलाइन खेळांपुरता निकाली काढला. पैसे लावून खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मात्र अशा व्यवहारांना साह्य करण्यास बँका आणि पेमेंट कंपन्यांना मनाई आहे. पोकरबाझी, अड्डा५२ यांसारख्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले. कायद्याविरोधातील याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे वर्ग करून घेतल्या.

मुंबईत पर्याय का नाही?

महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोसाठी कायदा केला, पण तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. राज्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्यातून सूट आहे, पण पोकर त्यात बसतो का, यावर एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला जुगार मानले, तर अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये कौशल्याचा खेळ म्हटले. त्यामुळे एखाद्या फ्लॅटमध्ये आयोजक प्रत्येक डावातून कमिशन कापत असेल, तर तिथे पोलीस कारवाईची टांगती तलवार असतेच. गोव्यात मात्र कायद्यातील दुरुस्त्यांमुळे पंचतारांकित हॉटेले आणि मांडवीतील जहाजांवर कॅसिनो चालतात.

चांगला खेळाडूही तोट्यात कसा जातो?

पोकरमधील उत्पन्न बिग ब्लाइंडमध्ये मोजतात. प्रत्येक डावात एका खेळाडूला सक्तीने लावावी लागणारी ही रक्कम. समजा, एखादा खेळाडू दर १०० डावांमागे सरासरी १० ब्लाइंड जिंकतो. ही कामगिरी उत्तम म्हणावी अशी आहे. पण १०० डावांमागे होणाऱ्या चढउताराचे प्रमाण विचलन ९० ब्लाइंडच्या आसपास असते. या हिशेबाने १० हजार डावांनंतर अपेक्षित नफा १,००० ब्लाइंड आणि चढउतार ९०० ब्लाइंड होतो. म्हणजे इतका चांगला खेळाडूही आठपैकी एका वेळी तोट्यातच असेल. सरासरी पाच ब्लाइंडवर आली, तर हीच शक्यता २९ टक्क्यांवर जाते.

येथेच ऑनलाइन आणि कॅसिनोतील फरक कळतो. एकाच वेळी चार ऑनलाइन टेबले खेळणारा तासाला सुमारे ३०० डाव खेळू शकत असे. १० हजार डाव आठवड्यात संपत. कॅसिनोत हाताने पत्ते वाटले जातात, तासाला जेमतेम ३० डाव होतात. तेवढ्याच डावांना दोन महिने लागतात. आपण खरोखर चांगले खेळतो की नशीब साथ देते आहे, हे कळायलाच वर्ष-दोन वर्षे जातात. तोवर घरभाडे, शाळेची फी आणि कर्जाचे हप्ते थांबत नाहीत.

भांडवल किती लागेल?

१००-२०० रुपयांच्या टेबलावर बिग ब्लाइंड २०० रुपयांचा. १०० ब्लाइंड घेऊन बसायचे तर एका वेळी २० हजार रुपये लागतात. महिन्याला १६० तास खेळून वरील चांगल्या सरासरीने ९६ हजार रुपये मिळतील. सरासरी निम्मी असेल तर ४८ हजार. कुटुंबाचा मासिक खर्च ६० हजार धरला, तर दुसऱ्या खेळाडूची पुंजी कधी ना कधी संपणारच.

पहिल्याकडे २० वेळा बसता येईल इतके, म्हणजे चार लाख रुपये असतील आणि त्याने त्यांना हात लावला नाही, तर ते बुडण्याची शक्यता ढोबळ गणिताने एक टक्क्याहून कमी आहे. त्याच चार लाखांतून घरखर्च काढला, तर ही शक्यता १६ टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणून खेळाचे पैसे आणि घराचे पैसे वेगळे असणे ही पहिली अट. ४० वेळा बसण्यासाठी आठ लाख आणि वर्षभराच्या घरखर्चासाठी सात लाख २० हजार, असे सुमारे १५ लाख रुपये हाताशी हवेत. गोव्याचा प्रवास आणि राहणे यात धरलेले नाही.

कर किती जातो?

खरी मेख इथे आहे. ऑनलाइन खेळांतील वर्षभराच्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर होता. पत्त्यांच्या इतर खेळांत जिंकलेल्या रकमेवरही ३० टक्केच कर आहे, पण त्यातून खर्च वजा होत नाही आणि हरलेली रक्कमही वळती करता येत नाही. समजा, वर्षात काही दिवशी मिळून ३२ लाख जिंकले आणि बाकीच्या दिवशी २१ लाख हरले. हाती राहिले ११ लाख. निव्वळ रकमेवर उपकरासह कर सुमारे ३ लाख ४३ हजार झाला असता. कायद्याचा शब्दशः अर्थ लावल्यास ३२ लाखांवर तो सुमारे १० लाख होतो आणि वर्षभराच्या मेहनतीचे जेमतेम एक लाख रुपये उरतात. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवरील जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. त्यातील किती बोजा ग्राहकावर टाकायचा, हे कॅसिनो ठरवतो.

मग नोकरी सोडावी का?

वरील आकडे पाहता १५ लाख जमवूनही वेळ तेवढा विकत घेता येतो. उत्पन्नाची हमी मिळत नाही. नोकरीसोबत पीएफ, कंपनीचा आरोग्य विमा आणि गृहकर्जासाठी लागणारी पगाराची स्लिपही जाते. त्यामुळे निर्णयापूर्वी तीन गोष्टी तपासायला हव्यात. नोकरी सांभाळून खेळलेल्या किमान वर्षभराच्या प्रत्येक बैठकीची लेखी नोंद आहे का? तिच्या आधारे कर सल्लागाराने काढलेल्या करानंतर घरखर्च भागतो का? आणि भांडवल कर्जाचे, पीएफचे किंवा दागिने गहाण ठेवून आणलेले तर नाही ना? यांतील एकही उत्तर चुकीचे आले, तर पोकर सुट्टीच्या दिवसापुरताच ठेवलेला बरा. परदेशी संकेतस्थळे हा पर्याय नव्हे. तिथे पैसे अडकल्यास दाद मागायला जागा नसते. हरलेले भरून काढण्यासाठी पुन्हा खेळावेसे वाटत असेल, तर टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मदत मिळते.