पंचतारांकित कोणासाठी?

कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहत 'पंचतारांकित' म्हणवते, ती कारखान्यांना पुरवलेल्या रस्ते, पाणी, वीज या सुविधांच्या बळावर. तेथे राबणाऱ्या कामगाराच्या विसाव्याला मात्र एकही तारा लाभलेला नाही. फोंडा घाट उतरला की कोकण. पण समुद्रकाठच्या आलिशान बंगल्याचे एका रात्रीचे भाडे कंत्राटी कामगाराची महिन्याची कमाई गिळू शकते.

श्रीमंतांनी असे बंगले भाड्याने घ्यावेत की नाही, हा प्रश्न गौण आहे. विश्रांती ही चैन की हक्क, हा खरा प्रश्न. फ्रान्समध्ये १९३६ साली संपांच्या प्रचंड लाटेनंतर लोकआघाडीच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली आणि अनेक श्रमिक कुटुंबांनी प्रथमच समुद्र पाहिला. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यानेही वर्षात २४० दिवस भरणाऱ्या प्रौढ कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. २०२० च्या संहितेने ही अट १८० दिवसांवर आणली. परंतु ठेकेदार बदलून ज्याची सेवा वारंवार खंडित केली जाते, त्याचे दिवस भरावेत कसे?

१९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्यात सहली व विश्रामगृहे यांवरील खर्चाची तरतूद आहे आणि त्या निधीत कामगाराचाही वाटा असतो. म्हणून मागणी दुहेरी हवी: ठेकेदार बदलला तरी रजेसाठी सेवा अखंड धरावी आणि मालवण-देवगडच्या किनारी कामगारांना परवडणारे विश्रामगृह उभारावे. कागलच्या संघटनांनी बोनसइतक्याच आग्रहाने ही मागणी पुढील करारात मांडावी.