बिनतारी चार्जिंग : संधी कोणाची?

विजेवर चालणाऱ्या वाहनांची संख्या वाढू लागली, की त्यांची भूक भागविण्याचा प्रश्न ओघानेच पुढे येतो. ही भूक तारेवाचून भागविता येईल, ही कल्पना ऐकावयास नवलाची वाटली, तरी तिचे मूळ मायकेल फॅरेडेने १८३१ साली शोधलेल्या विद्युत्चुंबकीय प्रवर्तनात आहे. जमिनीत बसविलेल्या वेटोळ्यातून उच्च वारंवारतेचा प्रवाह सोडला, की वाहनाच्या तळाशी असलेल्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. तत्त्व जुनेच आहे. नवा आहे तो त्याचा व्यापार.

दक्षिण कोरियातील गुमी शहरात २०१३ साली रस्त्याखालून वीज घेणाऱ्या बसगाड्या धावल्या. अमेरिकेतील अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेने २०२० मध्ये मोटारींसाठी ११ किलोवॉटपर्यंतचे प्रमाणक प्रसिद्ध केले. डेट्रॉइट येथे नोव्हेंबर २०२३ मध्ये सुमारे ४०० मीटरचा असा रस्ता सिद्ध झाला.

भारतात मात्र ही बाजारपेठ श्रीमंतांच्या मोटारखान्यात शोधणे व्यर्थ आहे. तेथे तार जोडण्यास मिनिटभरही लागत नाही. खरी गरज आहे ती ठरावीक जागी थांबत थांबत दिवस काढणाऱ्या रिक्षांना, शहरबसगाड्यांना आणि छोट्या मालवाहनांना. थेंबे थेंबे तळे साचावे, तशी थांब्याथांब्यावर वीज मिळाली, तर लहान बॅटरीवर भागेल. आणि वाहनाच्या किमतीतील मोठा वाटा बॅटरीचाच असतो.

या दृष्टीने नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेने आणि तिरुवनंतपुरमच्या ‘सी-डॅक’ने मिळून तयार केलेला १.५ किलोवॉटचा देशी चार्जर महत्त्वाचा ठरतो. २०२५ साली त्याचे तंत्रज्ञान उद्योगाकडे सोपविण्यात आले. दहा मिनिटांच्या थांब्यात तो पाव युनिट वीज देऊ शकतो. त्याची कार्यक्षमता सुमारे ८९ टक्के आहे. म्हणजे शंभर युनिटांतील अकरा वाटेतच खर्ची पडतात. बंगलेवाल्यास ही तूट जाणवणार नाही. रोजच्या कमाईवर घर चालविणाऱ्या रिक्षावाल्यास ती जाणवेल.

चार्जिंग केंद्र चालविण्यास वीजवितरणाचा परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्र सरकारने २०१८ सालीच केला. त्यामुळे छोट्या उद्योजकासही दार उघडे आहे. परंतु प्रत्येक कारखानदाराचे वेटोळे निराळे निघाले, तर एका कंपनीची रिक्षा दुसरीच्या थांब्यावर उपाशीच राहील आणि ग्राहक जन्माचा बांधला जाईल. म्हणून छोट्या वाहनांसाठी एकच प्रमाणक सर्वांवर बंधनकारक करणे आणि पहिले प्रयोग सार्वजनिक थांब्यांवर करणे, हे शासनाचे काम आहे.

ते वेळीच झाले, तर वेटोळी गुंडाळण्यापासून दुरुस्तीपर्यंतची कामे गावोगावच्या आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या तरुणांना मिळू शकतील. न झाल्यास यंत्रे परदेशांतून येतील, नफा तिकडेच जाईल, आणि आपल्या वाट्याला उरेल ते रस्ते खणण्याचे काम!